रविवारी कंप्रेसर बंद असतो

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत आठवडाभर माणसं कानाशी तोंड नेऊन बोलतात. इकडे कंप्रेसर चालू, शेजारच्या शेडमध्ये पॉवर प्रेस ठोकतोय, बाहेर टेम्पो मागे घेताना क्लीनर पत्र्यावर हात आपटतोय. अशात बोलणं होतं ते कामापुरतं. ‘टीप बदल.’ ‘ऑफसेट दे.’ ‘क्वालिटीवाला येऊन गेला का?’ रविवारी कंप्रेसर बंद होतो आणि मग माणसांना कंठ फुटतो. मी या वसाहतीत वीसेक वर्षं काढली. लेथवर लागलो, सीएनसीवर सरकलो, आता प्रोग्रॅम आणि प्लॅनिंग बघतो. धंद्यातलं आणि धंद्याबाहेरचं मी जे काही शिकलो, त्यातलं बरंचसं रविवारच्या गप्पांत कानावर पडलेलं आहे. त्या गप्पांबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

मी गडहिंग्लजकडचा. आयटीआयला टर्नर ट्रेड केला आणि थोडे दिवस कोल्हापूरच्या उद्यमनगरात काढून इकडे आलो. आमच्याकडच्या पोरांना पीण्या लांब वाटत नाही, याचं कारण रस्ता. जुना चार नंबरचा, आता ४८ नंबरचा झालेला महामार्ग कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी, हरिहर, तुमकूर करत थेट पीण्याच्या दारातून जातो. रात्री बसमध्ये बसायचं, पहाटे आठव्या मैलावर नाहीतर जालहळ्ळी क्रॉसला उतरायचं. बंगळूर शहर अजून पुढंच असतं. मी आल्यावर कित्येक महिने मॅजेस्टिक पाहिलं नव्हतं, विधानसौधा तर फारच पुढं. माझं बंगळूर म्हणजे राजगोपालनगरातली खोली, एनटीटीएफ सर्कल, टीव्हीएस क्रॉस आणि त्यांच्या मधल्या शेडच शेड. सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी इथं वसाहत उभी राहिली, इथल्या उद्योजकांची संघटना १९७८ ची आहे. मोठ्या नावाच्या कंपन्या थोड्या. बाकी सगळे दोन-चार मशीनवाले, जॉबवर्क करणारे. अशा ठिकाणी कॅन्टीन नसतं, युनियन नसते, ट्रेनिंग सेंटर तर नसतंच.

खोलीवर आम्ही निपाणी, चिकोडी, बेळगाव, मिरज अशा वेगवेगळ्या गावचे. पुढं तुमकूरकडचा एक कन्नड मित्र आला, मग एक ओडिया वेल्डर. शनिवारी लहान शेडमध्ये उचल मिळायची, म्हणून शनिवारी रात्रीचं बोलणं पैशाचं. कुणाला किती मिळाले, कुणाचे किती कापले, गावाला किती पाठवायचे. रविवारी सकाळी कपडे धुवायचे, दुपारी मटण. घरून आलेल्या कांदा-लसूण चटणीचा डबा सगळ्यांचा मिळून एकच असायचा आणि तो संपत आला की गावाला कोण जातोय याची चौकशी सुरू व्हायची. जेवण झालं की गच्चीवर. तिथं मग विषयांना धरबंध नसायचा. पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांची शाहू स्टेडियमवरची फुटबॉल मॅच न बघताच तिच्यावर तास-तास भांडणं व्हायची. उसाचं बिल आलं का, कुणाच्या बहिणीचं जमलं, कुठल्या मालकानं नवीन व्हीएमसी मशीन घेतलं. संध्याकाळ झाली की खाली उतरून बाय-टू कॉफी. पाहणाऱ्याला वाटावं, ही पोरं दिवस वाया घालवतायत.

आमच्यात एक मामा होते. वयानं सगळ्यांत मोठे, हरिहर सोडून पीण्यात आलेले. किर्लोस्करांनी १९४१ साली हरिहरला मैसूर किर्लोस्कर काढली आणि तिथले लेथ देशभर गेले. उद्यमनगरात मी ज्या लेथवर हात बसवला तोही हरिहरचाच होता. मामांनी तिथं मशीनवर काम केलं होतं, म्हणून आमच्यासाठी ते घरचेच झाले. त्यांचं मराठी अर्धं कन्नड होतं.

एका रविवारी मी नुसता कुरकुरत होतो. शेडमध्ये एसएस ३०४ चा पातळ भिंतीचा स्लीव्ह चालू होता. आतून बोअर करायला घेतला की जॉब घंटेसारखा वाजायचा आणि बोअरमध्ये लाटा उठायच्या. आरपीएम कमी केला, फीड वाढवला, इन्सर्टचा नोज रेडियस बारीक घेतला. थोडा फरक पडायचा, पण फिनिश बसत नव्हता. रिजेक्शनचा ढीग वाढत होता आणि मालक येऊन त्या ढिगाकडं बघून जात होता. गच्चीवर हे सगळं सांगताना उपाय विचारायचा माझा इरादाही नव्हता, मनातली चिडचिड बाहेर पडत होती एवढंच. मामा कांद्याची सालं गोळा करत ऐकत होते. म्हणाले, ‘बार किती बाहेर काढलायस?’ मी सांगितलं. ‘जास्त झाला की रं. स्टीलचा बार त्याच्या जाडीच्या चौपटीपेक्षा बाहेर काढू नये. लईच आत जायचं असलं तर कार्बाइडचा घे, तो सहापटीपर्यंत ऐकतोय.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘आणि सायकलची जुनी ट्यूब हाय का बघ. पट्टी काप, जॉबला बाहेरनं घट्ट गुंडाळ. वाजायचा बंद होतोय.’

सोमवारी पंक्चरवाल्याकडून ट्यूब आणली. बार आखडता धरला, बाहेरून ट्यूबचे चार वेढे दिले, शेवट तारेनं आवळला आणि मशीनचं सायकल स्टार्ट दाबलं. जॉब वाजला नाही. बोअरमध्ये बोट फिरवलं तर लाट लागत नव्हती. आज मी नव्या मुलांना समजावून सांगतो की पातळ भिंत थरथरते, ती थरथर रबर खाऊन टाकतं. पण हे कुठल्याही ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं आणि शेडमधल्या कुठल्याही सेटरनं मला ते सांगितलं नसतं.

का सांगितलं नसतं, यावर मी पुढं खूप विचार केला. शेडमध्ये सेटरची किंमत त्याला जे येतं आणि दुसऱ्याला येत नाही त्याच्यावर असते. तो हातचं राखून ठेवतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित ठेवलं असतं. गच्चीवर मामांचा माझ्याशी कसलाच हिशेब नव्हता. ते वेगळ्या शेडचे, मी वेगळ्या. एकमेकांच्या पगारवाढीत, एकमेकांच्या ओव्हरटाइममध्ये आमचं काही अडकलेलं नव्हतं. नंतर एकदा एकाच शेडमधले दोघं आमच्या खोलीवर राहायला आले. एक सुपरवायझर झालेला आणि दुसरा त्याच्या हाताखालचा. त्या दोघांसमोर गप्पांची धार बोथट झाली. जो तो सांभाळून बोलायला लागला. ते दोघंही चांगले होते, पण ते दुसरीकडं राहायला गेल्यावरच मशीनचे विषय पुन्हा मोकळे झाले. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की कामाच्या ठिकाणच्या आणि रविवारच्या मित्रांत सरमिसळ करू नये.

बोटाची गोष्ट सांगायला हवी. चिकोडीकडचा एक मुलगा प्रेसवर होता. बोलघेवडा, गप्पा नेहमी तोच सुरू करायचा. एका रविवारी तो शांत होता, पुढच्या रविवारीही शांत. उजवा हात शाल पांघरल्यासारखा टॉवेलाखाली. जेवायला बसल्यावर त्यानं डाव्या हातात चमचा घेतला. रस्सा चमच्यानं! मामांनी वाटी खाली ठेवली.

‘हात दाव.’

‘काय न्हाई मामा, खरचटलंय.’

‘दाव म्हटलं न्हवं?’

पट्टी काढली तेव्हा दोन बोटांची पेरं गेलेली दिसली. टाके कुठल्याशा खाजगी दवाखान्यात घातलेले. मालकानं बिल भरलं होतं, हातात थोडे रोख पैसे ठेवले होते आणि कुठं बोलू नको, कामावर ठेवतो म्हणून सांगितलं होतं. पोरगा भेदरलेला. त्याला वाटत होतं चूक त्याचीच, प्रेसखाली हात आपणच घातला.

आमच्यातल्या बेळगावच्या मित्राच्या भावाचा आधी अपघात झाला होता, त्यामुळं त्याला ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं सगळं ठाऊक होतं. त्यानं पहिला प्रश्न विचारला, ‘पगारातनं ईएसआय कापतात का?’ कापत होते. मग तो शांतपणे एकेक सांगत गेला. कापत असतील तर अपघाताचा रिपोर्ट मालकानं द्यायलाच हवा. कामावर जाता येत नाही तोवर सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात. बोट कायमचं गेलं असेल तर मेडिकल बोर्ड किती अपंगत्व ते ठरवतं आणि त्या हिशेबानं दरमहा पैसे येत राहतात. सोमवारी तो रजा टाकून त्याला राजाजीनगरच्या ईएसआय हॉस्पिटलात घेऊन गेला. पुढं रिपोर्ट मिळवायला महिने गेले, मालकाशी तोंडातोंडी झाली, नोकरीही सुटली. पण त्याचा दरमहाचा हक्काचा पैसा चालू झाला तो आजही चालू आहे, आणि तो आता दुसरीकडं इन्स्पेक्शनला आहे. हातात मायक्रोमीटर धरायची त्याची एक वेगळीच पद्धत आहे.

त्या दिवशी आम्ही कामगार हक्कांवर सभा भरवली असती तर तो आला नसता. तो जेवायला आला होता.

पुढं काहींची लग्नं झाली आणि खोल्यांची घरं झाली. तोवर आमच्या गप्पांत बाई नव्हती. निपाणीच्या मित्राची बायको पीण्यातल्याच एका गारमेंट कारखान्यात टेलर म्हणून लागली आणि ती रविवारी बसायला लागली तेव्हा आम्हाला कळलं की आपण ज्या वसाहतीत इतकी वर्षं राहतो तिची अर्धी बाजू आपल्याला माहीतच नाही. तासाला किती पीस काढायचे असतात, पाणी कमी का पितात, सुपरवायझर कोणत्या भाषेत बोलतो. २०१६ च्या फेब्रुवारीत पीएफचा नवा नियम निघाला होता की मालकाचा हिस्सा ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नाही. आम्हा पुरुषांना त्यात फारसं वावगं वाटलं नव्हतं, म्हातारपणाची सोय आहे असं आम्ही म्हणत होतो. वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, आमच्यातली कोण बाई ५८ वर्षांपर्यंत मशीनवर बसणार? पाच-सहा वर्षांनी कंबर जाते. पोरीचं लग्न, घराचं डिपॉझिट, सगळं त्या पैशातनं होतं. दुसरीकडनं एवढी रक्कम एकदम कुठनं येते आम्हाला?’ आम्ही गप्प झालो. १८ आणि १९ एप्रिलला बंगळूरच्या गारमेंट कामगार बायका हजारोंनी रस्त्यावर उतरल्या. होसूर रोड अडला, इकडे तुमकूर रोड अडला. बसगाड्या जळाल्या, लाठीमार झाला. १९ तारखेलाच सरकारनं नियम मागं घेतला. बाहेरच्यांना हे अचानक पेटल्यासारखं वाटलं. आमच्या गच्चीवर ते आधीच बोलून झालं होतं.

सगळेच विषय असे सुटत नाहीत. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाला, पीण्यातल्या शेडशेडवर लाल-पिवळे झेंडे लागतात, भुवनेश्वरीची पूजा होते, मिठाई वाटतात. आमच्या बेळगावच्या मित्राच्या घरी त्या दिवशी काळा दिवस पाळतात. तो आणि तुमकूरचा मित्र एका खोलीत राहायचे. एका वर्षी त्यांनी संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत भांडण केलं. १९५६, महाजन अहवाल, शाळा, पाट्या, सगळं निघालं. मराठी, कन्नड, हिंदी अशा मिळून झालेल्या भाषेत दोघंही तावातावानं बोलत होते. आम्ही कुणी मध्ये पडलो नाही. प्रश्न तिथं सुटणार नव्हताच, महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात लावलेला सीमाप्रश्नाचा दावा अजून पडून आहे. पण तुमकूरच्या मित्राला पहिल्यांदाच बेळगावातल्या मराठी घराचं म्हणणं त्या घरातल्या माणसाच्या तोंडून कळलं आणि बेळगावच्या मित्राला कळलं की तुमकूरच्या शेतकऱ्याच्या पोरालाही आपली भाषा आपल्याच राजधानीत मागं पडतेय असं वाटतं. ते दोघं पुढंही एकाच खोलीत राहिले. बेळगावच्या मित्राच्या लग्नात तुमकूरचा मित्र पंगतीत वाढत होता.

गप्पा मोडल्या त्या वेगळ्याच कारणानं. कुणीतरी म्हणालं, एवढे जण दर आठवड्याला जमतो तर भिशी लावू. लावली. मग रविवारी पहिला तास हिशेबाचा झाला, उशिरा येणाऱ्याला दंड आला, एकानं रक्कम उचलल्यावर हप्ते थकवले आणि तो यायचाच बंद झाला. त्याच्यामागं त्याचा मित्र. काही महिने गच्ची रिकामी राहिली. पैसे पुढं वसूल झाले, माणूस परत यायला मात्र फार वेळ लागला. त्यानंतर सहकारी सोसायटी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, इंग्रजी बोलण्याचा सराव अशा पुष्कळ चांगल्या सूचना आल्या. ज्यांना करायच्या त्यांनी त्या दुसऱ्या दिवशी, दुसरीकडं केल्या. रविवार मोकळा ठेवला.

हळूहळू मंडळी पांगली. एक चाकणला, एक होसूरला, एक कोइम्बतूरला, एक दुबईला, एकानं शिरोलीत स्वतःचं मशीन टाकलं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि आमचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप झाला. सुरुवातीला त्यात सुप्रभात आणि आलेलं पुढं ढकलणं एवढंच चालायचं. त्याला खरा जीव आला २०२० मध्ये. २५ मार्चला देश बंद झाला. पीण्यात असा सन्नाटा मी त्याआधी अनुभवला नव्हता. आठवडाभर रविवार, आणि तरी गच्चीवर जमायला बंदी. निपाणीच्या पुढं कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्राची हद्द बंद. गावाला जाता येईना, पगाराचा भरवसा नाही. व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर तेव्हा एका वेळी चौघांनाच बोलता यायचं. एप्रिलअखेर त्यांनी ती मर्यादा आठ केली. ही बातमी आमच्यासाठी मोठी होती. रविवारी रात्री नऊला कॉल लागायचा आणि दोन-दोन तास चालायचा. मामा तेव्हा हरिहरला मुलीकडं होते. त्यांना नातीनं फोन धरून दिलेला असायचा आणि बऱ्याचदा स्क्रीनवर फक्त त्यांचं कपाळ दिसायचं.

त्या कॉल्सनी आम्हाला तगवलं, हे मी मनापासून सांगतो. पण फोनवरची एक उणीव मला तेव्हापासून खुपते. गच्चीवर न बोलणाराही गप्पांत असायचा. कठड्याला टेकून बसलेला, शेंगा सोलत असलेला, हसणाऱ्यांबरोबर हसणारा. तो खुश आहे की दुखावलेला, हे न सांगता कळायचं. फोनवर जो बोलत नाही तो नाहीच. बोटं गेलेला आमचा तो मित्र फोनवर असता, तर ‘आवाज येत नाहीये’ म्हणून बाजूला राहिला असता आणि आम्हाला कधी कळलंही नसतं. लॉकडाऊनमध्ये आमचा ओडिया मित्र असाच दोन रविवार कॉलवर आला नाही. नेटवर्क नसेल, असं सगळ्यांनी धरलं. तुमकूरच्या मित्रानं तिसऱ्या दिवशी पोलिसांची नजर चुकवत हेग्गनहळ्ळीला जाऊन बघितलं तर तो तापानं फणफणलेला, खोलीत तांदूळ संपलेला, आणि फोनचं रिचार्ज संपलेलं. त्यानंतर आम्ही एक पाळायला लागलो. कॉल लागला की जो गप्प असेल त्याला नाव घेऊन विचारायचं, ‘जेवलास का? काय केलंवतंस?’ आणि जो आला नाही, त्याला त्याच रात्री साधा फोन लावायचा. फॉरवर्ड केलेलं काही ग्रुपवर टाकायचं नाही, स्वतःचं असेल तेच टाकायचं. टाइप करायचा कंटाळा येणाऱ्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. शिरोलीच्या मित्राच्या आवाजामागं त्याचं मशीन चाललेलं असतं आणि त्यावरून आम्ही ओळखतो की त्याला काम आहे.

सुट्टीचं गणित जमवणं हा आमचा कायमचा उद्योग. पिंपरी-चिंचवड, चाकणकडं गुरुवार. दुबईला पूर्वी शुक्रवार. २०२२ च्या जानेवारीत तिकडं सरकारी सुट्टी शनिवार-रविवारवर आली, मित्राच्या कंपनीनंही रविवार धरला आणि तो आमच्या वेळेत आला. चाकणवाला दुसऱ्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं येतो, तेवढ्यात सगळ्यांचं ऐकून घेतो आणि जाताना एक तरी वादाचा विषय टाकून जातो.

२०२५ च्या जानेवारीत इमटेक्सला बरेच जण आले होते. यंत्रांचं हे प्रदर्शन आमच्या रस्त्यावरच, बीआयईसी या प्रदर्शन केंद्रात भरतं. आधीच्या नोव्हेंबरात मेट्रो नागसंद्रच्या पुढं मादावरापर्यंत गेली होती, त्यामुळं या खेपेला रिक्षावाल्यांशी घासाघीस नव्हती. पाच अक्षांच्या मशीनसमोर आम्ही उभे राहिलो आणि पाचच मिनिटांत बोलणं चाकणच्या मित्राच्या मुलीच्या बारावीवर गेलं. परतताना सगळे माझ्या घरी चोक्कसंद्रला आले. तिथं वाद निघाला की आता ग्रुप आहे, कॉल आहे, तर नव्या पोरांना गच्चीची गरज आहे का? होसूरच्या मित्राचं म्हणणं, नाही. मला ते पटलं नाही, पटणारही नाही.

म्हणून रविवारी चारनंतर माझी गच्ची मी मोकळी ठेवतो. सध्या हुक्केरीकडचा एक मुलगा येतो, सातारचे दोघं येतात, आणि क्वालिटीत असलेल्या, डिप्लोमा केलेल्या दोन मुली येतात. मटणाची जागा बऱ्याचदा मागवलेल्या बिर्याणीनं घेतली आहे. मुली ड्रॉइंगमधल्या टॉलरन्सवर असं भांडतात की मला वही काढावी लागते. त्यांची मागणी अशी की बऱ्याच शेड आता रविवारीही ओव्हरटाइम लावतात, तेव्हा बैठक शनिवारी रात्री धरावी. साताऱ्याच्या पोरांना शनिवारी उचल मिळते आणि त्यांना त्या रात्री बाजार करायचा असतो. दोन आठवडे झाले, यावर अजून एकमत झालेलं नाही.